ग्लास म्हणजे माप नव्हे

दिवेलागण झाली असेल, कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणाचं दूध डेअरीला जायचं असेल. हातातलं काम सोडू नका. काम करता करताच ऐका.

आम्ही दिंडोरी तालुक्यातल्या एका बचत गटाच्या बाया. गटात अकराजणी आहोत. निम्म्याजणी द्राक्षबागेत कामाला जातो. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, मग फुटी काढणं, घड विरळणं, आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत वाईनच्या द्राक्षांची तोडणी. क्रेट भरले की गाडी वायनरीकडे जाते. तिथून पुढे त्या द्राक्षांचं काय होतं, हे बरीच वर्षं आम्ही कधी विचारलं नव्हतं.

आज आम्ही बोलणार आहोत ते हॉटेलात ग्लासाने विकल्या जाणाऱ्या वाईनबद्दल. विषय ऐकून कुणी नाक मुरडलं असेल. बचत गटाच्या बाया आता दारूवर बोलायला लागल्या का, असं आमच्या सासूबाईंनीही विचारलं. तर आधीच सांगतो, कुणी प्यावं म्हणून आम्ही इथं बसलो नाही. दारूने घर कसं बसतं, ते आमच्यातल्या तिघींनी घरातच पाहिलंय. आम्ही बोलणार आहोत मापाबद्दल. एका ग्लासात नेमकं किती, एवढाच प्रश्न. त्या प्रश्नापायी आमच्या एका मैत्रिणीचे चौदाशे रुपये गेले होते.

झालं असं. आमच्या गटातली सगळ्यात धाकटी, दोन लेकरांची आई. नवऱ्याचा पाय मोडला म्हणून तिने शनिवार-रविवारचं काम धरलं. नाशिककडून फिरायला येणाऱ्यांसाठी आमच्या भागात खाण्यापिण्याची ठिकाणं झालीत, त्यातल्याच एका हॉटेलात. आधी टेबलं पुसायची, मग ताटं न्यायची, मग वाईन ओतून द्यायची. काम शिकवताना मॅनेजर म्हणाले, "ताई, ग्लास अर्ध्याला थोडा कमी भरायचा. बास."

तिने तसंच केलं. महिना संपला, पगार हातात आला, तर १,४०० रुपये कमी. विचारलं तर सांगितलं, "तुमच्या हातून ४ बाटल्या फुटल्या आहेत."

ती घाबरली. म्हणाली, "साहेब, माझ्या हातून एकही बाटली फुटली नाही."

ते म्हणाले, "फुटल्या म्हणजे उघडल्या हो. ४ बाटल्या उघडल्या, एका बाटलीचे ५ ग्लास, म्हणजे २० ग्लासांचे पैसे यायला हवे होते. बिलं झाली १६ ग्लासांची. ४ ग्लास कुठे गेले? ३५० रुपये ग्लास. करा हिशोब."

ती रडत रडत बैठकीला आली. पैशापेक्षा तिला बोलणं लागलं होतं. "मी प्यायले असं वाटलं की काय त्यांना?" हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

आता मैत्रिणींनो, माप ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवायला नको. आपल्या आज्या पायलीने धान्य मोजायच्या. शेर, मापटं, चिपटं अशी घरोघरी मापं होती. मापावर धान्याची शीग लावायची की हाताने सपाट करायचं, यावरून भांडणं व्हायची. रेशनच्या दुकानात काटा कुठं थांबतो ते आपण मान वाकडी करून बघतो. डेअरीवर दुधाचं माप काठोकाठ भरलं की नाही, ते लांबून ओळखतो. मग 'अर्ध्याला थोडा कमी' हे कसलं माप? कशाच्या अर्ध्याला?

आमच्यातल्या मोठ्या काकूंनी नेमकं हेच विचारलं. "अगं, ग्लास केवढा होता?"

तेव्हा धाकटीला आठवलं. दिवाळीच्या आधी हॉटेलात नवे ग्लास आले होते. जुने लहान होते. नवे मोठ्या पोटाचे, लांब दांडीचे, देखणे. सूचना मात्र जुनीच राहिली.

आम्ही ठरवलं, मोजून बघायचं. धाकटीने मॅनेजरांना विचारून एक जुना आणि एक नवा ग्लास दोन दिवसांसाठी आणला. आमच्या एका ताईंची मुलगी नाशिकला हॉटेल मॅनेजमेंट शिकते, तिने काचेचं मोजपात्र आणलं. वाईन काही आणली नाही. कोकम सरबत केलं, रंग तसाच दिसतो.

आधी दोन्ही ग्लास काठोकाठ भरून मोजले. जुन्यात ३५० मिलिलिटर मावलं, नव्यात ४५०. मग अकराजणींनी एकेक करून दोन्हींत 'अर्ध्याला थोडं कमी' सरबत ओतलं. जुन्या ग्लासात बहुतेकींचं १५० च्या आसपास आलं. नव्यात १८५, १९०, एकीचं तर २१०. डोळ्याला सगळे सारखेच दिसत होते. काकूंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, तरी फरक कळेना.

आता बाटलीचा हिशोब बघा. वाईनची नेहमीची बाटली ७५० मिलिलिटरची असते. १५० चा ग्लास धरला तर ५ ग्लास होतात. १२५ चा धरला तर ६. पण १९० च्या मापाने ओतत गेलं, तर चौथ्या ग्लासातच बाटली रिकामी. ४ बाटल्यांचे १६ ग्लास. धाकटीचा हिशोब तंतोतंत जुळला. तिने एक थेंब चोरला नव्हता, सांडलाही नव्हता. जे शिकवलं तेच तिने केलं होतं. ग्लास बदलला होता आणि माप कुणी ठरवलंच नव्हतं.

बसल्या बसल्या आम्हाला आणखी एक गोष्ट दिसली. तोटा एकट्या धाकटीचा झाला नव्हता. हॉटेलचा माल जास्त गेला. आणि गिऱ्हाईक? त्याला वाटलं आपण ३ ग्लास घेतले, म्हणजे ४५० मिलिलिटर. पोटात गेलं ५७०. त्याला आनंदच झाला असेल, पण त्यानंतर तो गाडी चालवत घाटातून घरी गेला. त्या गाडीत त्याची बायकोपोरं होती, आणि रस्त्यावर आपली माणसं होती.

तुम्ही म्हणाल, ग्लास एवढा मोठा करतातच कशाला? ताईंच्या मुलीने सांगितलं, त्याला कारण आहे. वाईनचा वास घेणं हा तिच्या चवीचाच भाग मानतात. ग्लास मोठा आणि वर निमुळता असला की वास आत कोंडून राहतो. म्हणून ग्लास पूर्ण भरायचा नसतो, तळाशी थोडीच ओतायची असते. ग्लासातली मोकळी जागा वासासाठी असते. पण ओतणाऱ्याच्या हाताला मोकळी जागा सहन होत नाही. पाहुण्याला अर्धा कप चहा द्यायला आपला हात धजतो का? तसंच ते.

हे ग्लास वाढत कसे गेले, याचा अभ्यासही झाला आहे. इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांनी गेल्या ३०० वर्षांतले वाईनचे ग्लास मोजले. १७०० च्या सुमाराला ग्लासात साधारण ६६ मिलिलिटर मावायचं. म्हणजे आपल्या टपरीवरच्या कटिंग चहाएवढं. अलीकडच्या ग्लासांत सरासरी ४४९ मिलिलिटर मावतं. जवळजवळ सातपट. हा अभ्यास २०१७ साली छापून आला. आमच्या धाकटीचा नवा ग्लास त्याच मापाचा निघाला, याचं आम्हाला नवल वाटलं.

त्या देशात यावर कायदाही आहे. ब्रिटनमध्ये वाईन ग्लासाने विकायची असेल तर १२५ मिलिलिटर किंवा १७५ मिलिलिटर, नाहीतर त्यांच्या पटीतच विकावी लागते. १२५ ची दुप्पट २५०, म्हणून तिथे २५० चा मोठा ग्लासही मिळतो. माप किती ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लिहावं लागतं. पण दुकानदार मोठेच ग्लास पुढे करायला लागले आणि लहान ग्लास मागितला तरी मिळेना. म्हणून २०१० साली इंग्लंड आणि वेल्समध्ये नियम केला, की १२५ चा लहान ग्लास ठेवलाच पाहिजे आणि तो मिळतो हे गिऱ्हाइकाला कळलं पाहिजे.

पुढे केंब्रिजच्याच संशोधकांनी आणखी एक प्रयोग केला. इंग्लंडातल्या २१ पब आणि हॉटेलांनी चार आठवडे आपला सगळ्यात मोठा ग्लास, बहुतेक ठिकाणी २५० चा, विकणं थांबवलं. बाकी काही बदललं नाही. भाषण नाही, फलक नाही, बंदी नाही. वाईनची विक्री ७.६ टक्क्यांनी कमी भरली. वाईन नाही म्हणून लोक बिअरकडे वळले, असंही झालं नाही. हा अभ्यास २०२४ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. म्हणजे समोर जेवढं माप येतं, तेवढं माणूस 'एक' म्हणून पितो. घरातली वाटी लहान केली की तूप कमी संपतं, हे आपल्याला माहीत आहेच.

आता जरा शरीराचा हिशोब करू. हा भाग नीट ऐका, कारण घरोघरी याच्यावरून फसवणूक चालते. "वाईन म्हणजे काय, द्राक्षाचा रस. ती दारू थोडीच आहे?" हे वाक्य तुम्ही लग्नाच्या मांडवात ऐकलं असेल. आम्हीही ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर द्राक्षं तोडताना आम्हालाही तसंच वाटायचं.

बाटलीवर अल्कोहोलचं प्रमाण टक्क्यांत छापलेलं असतं. वाईनमध्ये ते साधारण १२ ते १४ टक्के असतं. १३ टक्के धरा. १५० मिलिलिटरच्या ग्लासात १९.५ मिलिलिटर निव्वळ अल्कोहोल आलं. व्हिस्की, रम यांच्या बाटलीवर आपल्याकडे बहुधा ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. ३० मिलिलिटरच्या लहान पेगात साधारण १३ मिलिलिटर अल्कोहोल झालं. म्हणजे वाईनचा एक ग्लास हा दीड लहान पेगाएवढा. आणि २५० चा मोठा ग्लास म्हणजे अडीच लहान पेग. बिअरची मोठी बाटली असते ६५० ची. ती ५ टक्क्यांची असेल तर तिच्यात आणि वाईनच्या त्या मोठ्या ग्लासात अल्कोहोल अगदी सारखं भरतं.

तेव्हा कुणी म्हणालं, "मी फक्त दोन ग्लास वाईन घेतली," तर मनात विचारा, केवढे ग्लास? दोन ग्लास १५० चे असतील तर ते ३ पेग झाले.

हे अल्कोहोल शरीराबाहेर काढायचं काम मुख्यतः यकृत करतं, आणि ते सावकाश करतं. तासाला साधारण १० मिलिलिटरच्या आसपास. म्हणजे १५० चा एक ग्लास उतरायला सुमारे दोन तास. काळी कॉफी, लिंबूपाणी, गार पाण्याची अंघोळ, यांनी तो वेग वाढत नाही. आपल्या देशात गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर गुन्हा होतो. ही मर्यादा फार लहान आहे. "एकच तर ग्लास घेतला," हे पोलिसापुढे चालत नाही, आणि रस्त्यापुढे तर नाहीच.

बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं. त्यामुळे तेवढ्याच ग्लासाने तिच्या रक्तात अल्कोहोलचं प्रमाण जास्त होतं. पोटुशी बाईने तर थेंबही घेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्पष्ट सांगितलं, की अल्कोहोलचं अमुक इतकं माप आरोग्याला सुरक्षित, असं म्हणता येत नाही. तेव्हा १५० चा ग्लास चांगला आणि १९० चा वाईट, असं आम्ही म्हणत नाही. १५० म्हणून १९० देणं, हे वाईट.

मग पुढं काय झालं, ते सांगतो.

आम्ही चौघी हॉटेलात गेलो. भांडायला नाही, पण मोजपात्र बरोबर नेलं. मॅनेजर सुरुवातीला म्हणाले, "ताई, हा आमच्या धंद्यातला विषय आहे. तुम्हाला नाही कळायचं."

काकू म्हणाल्या, "दादा, पाणी आणा. कळतंय का बघू."

जुन्या आणि नव्या ग्लासात पाणी त्यांनाच ओतायला लावलं. 'अर्ध्याला थोडं कमी.' मग मोजलं. जुन्यात १५५ आणि नव्यात १९५ निघालं. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हणजे माझ्या हातूनही गेलंच असतं."

आम्ही त्यांना तीन गोष्टी सांगितल्या. एक, पेगला जसं ३० आणि ६० चं माप असतं, तसं वाईनलाही १५० चं माप ठेवा आणि त्यानेच ओतायला सांगा. दोन, मेन्यूवर 'एक ग्लास, १५० मिलिलिटर' असं लिहा, म्हणजे गिऱ्हाइकालाही कळेल. तीन, एक वही ठेवा. बाटली कधी उघडली, किती ग्लास विकले, किती चव बघायला दिली, किती सांडली. उघडलेली वाईन हवा लागून काही दिवसांत बिघडते, तीही टाकून द्यावी लागते. तो तोटा वाढणाऱ्या पोरीच्या पगारातून कापायचा नसतो.

आणि चौथी गोष्ट ताईंच्या मुलीने सांगितली, ती कायद्याची. कामगाराच्या चुकीने नुकसान झालं असं मालकाला वाटलं, तरी त्याचं म्हणणं ऐकून घेतल्याशिवाय मजुरीतून ते पैसे कापता येत नाहीत. धाकटीला कुणी विचारलंच नव्हतं. थेट पाकिटातच पैसे कमी आले होते.

धाकटीचे १,४०० रुपये परत मिळाले. दोन हप्त्यांत मिळाले, पण मिळाले. आता तिथे मापाने ओततात. चार महिने झाले, ५ ग्लासांचा हिशोब जुळतो. एक गोष्ट मात्र आमच्या मनाला लागून राहिली. धाकटीच्या आधी तिथे पलीकडच्या पाड्यावरचा एक पोरगा कामाला होता. त्याच्याही पगारातून असेच पैसे कापले गेले होते. तो काही न बोलता काम सोडून गेला. गावात कुणीतरी म्हणालं, "पीत असेल." त्याच्या मागे मोजपात्र घेऊन जायला कुणी नव्हतं. आम्ही त्याच्या आईला जाऊन भेटलो, सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पैशाचं जाऊ द्या बायांनो, माझा लेक चोर नव्हता एवढं चार माणसांत सांगा." म्हणून आज या रेडिओवर सांगतो. तो पोरगा चोर नव्हता. ग्लास मोठा होता.

मैत्रिणींनो, तुमच्यातल्या कितीजणी, कितीजणींची मुलं आता हॉटेलात, ढाब्यावर, लग्नाच्या केटरिंगला कामाला जातात. वाईन असो, ताक असो, उसाचा रस असो, ओतायचं काम अंगावर आलं तर पहिल्या दिवशी विचारा, "माप किती? मापाचं भांडं कुठाय?" 'अंदाजाने' असं उत्तर आलं, तर घरून माप घेऊन जा आणि एकदा त्यांच्यासमोर मोजा. रोज किती बाटल्या उघडल्या आणि किती ग्लास गेले, ते आपल्या वहीत लिहून ठेवा. वहीत तारीख घाला. अक्षर वाकडं असलं तरी चालतं.

आणि गिऱ्हाईक म्हणून गेलात तर माप विचारायला लाजू नका. व्यापाऱ्याच्या वजनमापांची सरकार ठरावीक मुदतीने पडताळणी करून त्यावर शिक्का मारतं. वैध मापन शास्त्र विभाग त्याच कामासाठी आहे. मापात खोट वाटली तर तिथे तक्रार करता येते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावरही फोन करता येतो.

आता आमच्या सासूबाईंचं उत्तर देऊन थांबतो. परवा त्यांनी पुन्हा विचारलं, "काय गं, त्या दारूच्या ग्लासाचं झालं का?" धाकटीने त्यांना सगळं सांगितलं. सासूबाई ऐकत राहिल्या. मग उठल्या, माळ्यावरून जुनं पितळी मापटं काढलं, चिंचेने घासून लख्ख केलं आणि गटाच्या खोलीत आणून ठेवलं. म्हणाल्या, "हे इथंच राहू द्या. बैठकीला बसताना डोळ्यांपुढं असलेलं बरं."

ते मापटं आता आमच्या हिशोबाच्या वहीशेजारी असतं. तुमच्या घरातही असं एखादं जुनं माप माळ्यावर पडलं असेल. काढून बघा, आणि त्याची काही गोष्ट असेल तर आम्हाला कळवा.

भाकरी करपली नसेल ना? चला तर. नमस्कार.